एका अंगणवाडीत चार आरव

विट्याचा_पाव्हणा :
परवा मावसभावाच्या लेकीचं बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या, आत्यानं कानात कुर्रर्र केलं आणि नाव पुकारलं, कियारा. आमच्या आजीनं तीनदा विचारलं आणि शेवटी म्हणाली, "किराणा?"
गावच्या अंगणवाडीत चार आरव आहेत, ताई आडनावानं हाका मारतात. पणजोबा खंडेराव, आजोबा जोतिराम. नावावरनं कुलदैवत कळायचं. आता त्या साली कुणाचा पिक्चर चालला तेवढंच कळतं. माझं मत स्पष्ट आहे : बारशाआधी महिनाभर आईबापाचे मोबाइल काढून घ्यावेत.

मिरज_जंक्शन :
पाव्हणं, मागं तुम्हीच सांगितलंत तुमचं नाव सचिन. जन्म नव्वदीतला. तेंडुलकरांच्या वडिलांनी ते सचिन देव बर्मन यांच्यावरनं ठेवलेलं. त्रिपुराच्या राजघराण्यातल्या संगीतकाराचं नाव मुंबईमार्गे खानापूर तालुक्यात आलं, ते बरं आपलं वाटतं!

विट्याचा_पाव्हणा :
लका, बर्मनदा निदान त्याच नावानं जन्मले. कियारा हे त्या अडवाणी नटीचंसुद्धा खरं नाव नाही. मूळची ती आलिया. एका पिक्चरमधल्या पात्राचं नाव तिनं उचललं, ते आता आपण उचलायचं.

मिरज_जंक्शन :
राजेश खन्नाही मूळचा जतीन. म्हणून आमचे दोन राजेशमामा खोटे का? आणि चार आरवांचं कौतुक नको. आमच्या गल्लीत जोतिराम पाच होते. थोरला जोत्या, काळा जोत्या, गिरणीवाला जोत्या.

साताऱ्याची_बाई :
मी शाळेत शिकवते. ऑक्टोबर २०११ मध्ये आमच्या जिल्ह्यात २८५ मुलींची नावं बदलली. आधीची नावं काय, तर नकुशा, नकोशी. मुलगा पाहिजे होता, मुलगी झाली, म्हणून. ही नावं कुठल्या पिक्चरमधनं आली नव्हती, घरच्या मोठ्यांनीच ठेवलेली. नवं नाव घेताना कुणी वैशाली घेतलं, कुणी सरळ नटीचं ऐश्वर्या. माझ्या वर्गातल्या एकीनं आठवडाभर वहीच्या पानापानावर नवं नाव लिहिलं, मागच्या पुठ्ठ्यावरच्या पाढ्यांवरसुद्धा. त्या पोरीला कोण सांगणार, नाव पडद्यावरचं आहे म्हणून हलकं?

विट्याचा_पाव्हणा :
बाई, ह्यावर आपल्याला तोंड नाही. पण ऐश्वर्या त्या पोरीनं स्वतः निवडली. आमच्या बारा दिवसांच्या पोरीला कुणी विचारलं?

साताऱ्याची_बाई :
खंडेरावांना तरी कुणी विचारलं होतं?

मिरज_जंक्शन :
ते राहू द्या. आजी काय म्हणते आता?

विट्याचा_पाव्हणा :
किरण. दाखल्यावर कियारा, आजीच्या मांडीवर किरण. आणि पोरगी हाकेला बघते की वो.