मदत हवी आहे: 'ऑरॅक्युलर'ला मराठी शब्द

वेंगुर्ल्याकडच्या कौलप्रथेवरचा इंग्रजी लेख मराठीत आणतेय, 'ऑरॅक्युलर विज्डम'पाशी, म्हणजे देवाच्या बोलातल्या शहाणपणापाशी, अडलेय. मूळ लॅटिन 'ओरारे', म्हणजे बोलणे. त्यावरून 'ओराकुलम', देवाचं उत्तर. आपला 'कौल'ही अरबीतून आला, अर्थ तोच: बोल! हे जुळलेलं पाहून फार आनंद झाला.

'भविष्यवाणी'त शहाणपण येत नाही, 'आकाशवाणी'ने रेडिओ आठवतो, 'द्रष्टेपणा' माणसाचा होतो. शिवाय मूळ शब्दात गूढ, दुहेरी अर्थाची छटा आहे. कौल लावताना गुरव मूर्तीला ओल्या कळ्या लावून गाऱ्हाणं घालतो, उजवीकडची कळी पडली की होकार. पण बोलतो तो देव. तेच शब्दात यायला हवं. विशेषण हवंय, जड संस्कृत नको. तुमच्या गावात, मालवणीत, अशा बोलण्याला काय म्हणतात?