जुन्या बाजारात हाती लागलेलं घबाड : नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

मोडीतली_वाटी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात कुकरची शिट्टी घ्यायला भांडीबाजारात गेले होते. एका दुकानाच्या पायरीशी मोडीचा ढीग पडलेला. पिचलेले तांबे, बूड गेलेली पातेली, कान तुटलेलं घंगाळ, आणि या सगळ्यांच्या वर एक काळीकुट्ट वाटी. काही मनात नसताना उचलली नि नखाने टिचकी मारली. तर ती टण्ण् करून गप्पच बसेना! पितळ असती तर ठक् करून थांबली असती. आमची आजी रात्री काशाच्या वाटीला तूप लावून आजोबांचे तळपाय चोळायची. वाटी फरशीवर ठेवताना होणारा तो आवाज माझ्या कानात पक्का बसलेला आहे.

चेहरा शक्य तितका मख्ख ठेवून विचारलं, "ही कशी?" "मोडच आहे ताई, पितळेच्या भावाने घेऊन जा." 340 ग्रॅम भरली. शिट्टी राहिलीच.

घरी चिंच-मिठाने अर्धा तास घासली तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव उमटलं. आडनाव झिजून गेलंय, पण "मामाकडून" आणि 1951 स्पष्ट वाचता येतं. कुणाच्या तरी लग्नातली असणार. ती मोडीत कशी आली, याचा विचार करत त्या रात्री उगीच जागी राहिले.

तर बुधवारचा बाजार असो, रद्दीचं दुकान असो की कुणाचा रिकामा होणारा वाडा, तुम्हाला काय मिळालं ते लिहा. फसला असाल तर तेही लिहा, ते वाचायला जास्त मजा येते.

तांबटाचा_नातू

ताई, टिचकी अगदी बरोबर. पितळ म्हणजे तांबं नि जस्त, कासं म्हणजे तांबं नि कथील. कथील साधारण पाचवा हिस्सा असतं, म्हणून ते घंटेसारखं वाजतं. आणि म्हणूनच हातातून पडलं तर पोचा न येता सरळ तडकतं. फरशीवर ठेवू नका आता. बाकी आमच्या घरातली अशी किती भांडी आईने स्टीलच्या डब्यांवर घालवली ते सांगत बसलो तर रडू येईल.

गंगेवरचा_बुधवार

माझा अनुभव फसण्याचा, तोही चांगलाच. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात एक म्हातारा पोत्यावर कुलपं, किल्ल्या, नाणी मांडून बसला होता. त्यात एक जाडजूड नाणं, एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता-मारुती, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818. म्हातारा म्हणाला, "तांदूळ ओढतं," म्हणजे लोहचुंबकासारखे तांदळाचे दाणे खेचून घेतं. पंचवटीत उभा राहून रामाचं नाणं कोण सोडेल? 1500 देऊन आलो.

पुढे अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात दोन तास घालवले, तेव्हा डोळे उघडले. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नव्हतं. तांदूळ मीही घरी लावून पाहिला, ओढला नाही. बायको अजून विचारते, कुठला घेतला होता, कोलम की इंद्रायणी.

त्यानंतर मात्र शिकलो. चांदीचा म्हणून कुणी राणीछाप किंवा राजाछाप रुपया दाखवला की आधी साल बघायचं. 1939 पर्यंतच्या रुपयात जवळपास 92 टक्के चांदी, 1940 पासून निम्मी, आणि 1947 चा तर चक्क निकेलचा. वजन 11.66 ग्रॅम, खिशातल्या छोट्या काट्यावर लगेच कळतं. आणि 1939 सालचा रुपया स्वस्तात मिळत असेल तर पैसे खिशातच ठेवा, तो दुर्मीळ आहे म्हणूनच त्याच्या नकला भरपूर.

नाशिकरोडकर

वडील सिक्युरिटी प्रेसमध्ये होते, त्यामुळे तिकिटांचा नाद घरातलाच. रद्दीवाल्याकडे जुन्या पाकिटांचा एक गठ्ठा दोरीने बांधून वजनकाट्यावर ठेवलेला होता. वरच्याच पाकिटावर एक आण्याचं तिकीट, गोल खांबांची इमारत असलेलं. नवी दिल्लीच्या उद्घाटनाची सहा तिकिटांची मालिका 1931 साली निघाली, त्यातलं हे कौन्सिल हाऊस, म्हणजे आपलं जुनं संसद भवन. ती मालिका छापली गेली आपल्याच नाशिकच्या प्रेसमध्ये. प्रेस 1925 ची, म्हणजे तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची होती.

किंमत म्हणाल तर फार नाही. पण गठ्ठा घेऊन घरी आलो, वडिलांनी भिंग काढलं, तिकीट उजेडासमोर धरलं आणि कागदातल्या चांदण्यांचं जलचिन्ह शोधत बसले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

देवळालीची_खुर्ची

देवळालीत एका जुन्या बंगल्यातलं सामान निघत होतं. कोपऱ्यात हिरव्या ऑइलपेंटने माखलेली आरामखुर्ची, पाय टाकायला लांब हातांची. वेताची जाळी फाटलेली. लोक टीव्हीच्या स्टँडभोवती भांडत होते. माझ्यासोबत आमचे सुतारकाका होते. त्यांनी खुर्ची उलटी केली, कारण खालून रंग कुणी लावत नाही. पटाशीने पायाच्या टोकाला एक बारीक साल काढली, नाकाशी नेली आणि मला डोळ्याने खुणावलं. सागवान, जुनं, तेलकट वासाचं. एकही खिळा नव्हता, लाकडात लाकूड बसवून वर लाकडाचीच मेख.

1200 ला मिळाली. मग खरी गंमत. रंगाचे तीन थर निघाले, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली चॉकलेटी. पंधरा दिवस गच्चीवर मी आणि पॉलिशपेपर. वेत विणणाऱ्याने 1800 घेतले, खुर्चीपेक्षा जास्त. आता त्या खुर्चीवर मी सोडून घरातलं प्रत्येक जण बसतं.

नऊवारी_मावशी

बोहारणीच्या गाठोड्यातून मी लुगडं परत विकत घेतलंय, हसू नका. शेजारणीने चार स्टीलच्या डब्यांवर दिलेलं, पदर विरलेला पण काठ धडधाकट. काठाचा एक धागा ओढून जाळला. प्लास्टिकची जर असती तर वितळून गोळी झाली असती. हिला जळलेल्या केसांचा वास आला नि मागे चांदीची तार उरली. येवल्याचं माहेर आहे माझं, एवढं तरी कळायला हवं. बोहारणीने मात्र माझ्याकडून सहा डबे घेतले. तिलाही कळत होतं!

किल्ली_द्या

एचएमटी जनता, 250 रुपये, बुधवारी. मेनरोडच्या घड्याळवाल्याने साफ करून दिलं, दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं. डायल जुनाच आहे म्हणून घेतलं. चकचकीत रंगवलेले डायल घालून विकतात, ते टाळा.

सरळ_प्रश्न

सगळं छान. पण त्या मोडवाल्याला सांगितलंत का, की वाटी काशाची आहे म्हणून?

मोडीतली_वाटी

नाही सांगितलं. खोटं का बोलू. दोन दिवस मनाला लागलं, मग पुढच्या खेपेला शिट्टी घ्यायला गेले तेव्हा सांगून टाकलं. तर दुकानदार हसून म्हणाला, "ताई, माहीत होतं. तुम्ही टिचकी मारलीत तेव्हाच कळलं. दुसरं कुणी विचारत नव्हतं, तुम्ही तरी वापराल." आता नक्की कोणी कोणाला पकडलं ते तुम्हीच ठरवा.

तांबटाचा_नातू

तो मुरलेला आहे 😄

वकीलबाई_पंचवटी

एक सांगून ठेवते. भांडी, खुर्च्या ठीक. पण दगडाची किंवा धातूची जुनी मूर्ती, हस्तलिखित पोथी दिसली तर जरा थांबा. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरू शकतं. नोंदणीचे नियम आहेत, देशाबाहेर नेता येत नाही. आणि ती कुठल्या देवळातून उचललेली आहे का, हा प्रश्न आधी.

गंगेवरचा_बुधवार

उद्या बुधवार. मी सातला गाडगे महाराज पुलापाशी असेन. आज गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आलं असेल तर जुन्या सामानवाले वर रस्त्याकडे सरकतात, तिकडे शोधा. कुणी येणार असेल तर टिचकी मारायला ताईंनाही घेऊन या. तांदूळ मी आणतो.