अनुभव धागा: तुम्ही कधी 'पास आऊट' झालात?

सायलीची_आई
काल भाचीचा रेझ्युमे बघत होते, त्यात 'आय पास्ड आऊट इन २०२३' वाचलं आणि एकदम २००८ आठवलं. ओहायोत नवीनच गेलेले, ऑफिसातल्या पहिल्याच लंचला एका बाईंनी शिक्षणाचं विचारलं, मी ऐटीत 'आय पास्ड आऊट इन पुणे'. बाईंचा काटा हवेतच. 'ओह नो, आर यू ओके नाऊ?' मी म्हटलं, येस येस, फर्स्ट क्लास! तिकडे पास आऊट म्हणजे चक्कर येऊन पडणं, नाहीतर पिऊन आडवं होणं, हे आठवड्याने कळलं. येऊ द्या तुमचेही किस्से.

खडकवासलेकर
अगदीच चूक नाही हो, लष्करात ब्रिटिशसुद्धा पासिंग आऊट परेडच म्हणतात. एनडीएला मामेभावाच्या परेडला गेलेलो, मे महिना, खेत्रपाल परेड ग्राउंड, मामी पहाटे फक्त चहावर निघालेली. कॅडेट मार्च करत समोर आले आणि मामी धाडकन खाली. त्या दिवशी घरातले दोघं पास आऊट.

घाईत_आहे
आमच्या एचआरमध्ये अजूनही 'कितीचा पासआऊट?' असंच विचारतात, ग्रॅज्युएट म्हटलं तर पुन्हा विचारतात

चकलीभाजणी
लेक न्यू जर्सीत दुसरीत, बाईंनी 'पास आऊट द शीट्स' सांगितलं तर ही ढिम्म बसून. कागद वाटायला सांगतायत हे कळलंच नाही बिचारीला, घरी येऊन रडली

सायलीची_आई
आई गं 😢

बाकावरचा
आमच्याकडे एकाने रजेचा मेल टाकला, माय ग्रँडफादर पास्ड आऊट. साहेबांचं उत्तर, काँग्रॅट्स, या वयात डिग्री! त्याला पास्ड अवे म्हणायचं होतं. नंतर साहेब स्वतः घरी भेटायला गेले, खजील झालेले. हसावं की काय कळेना

निवांत७
मेक आऊटचं कुणी काढलं नाही अजून? आमचा टीम लीड अमेरिकन क्लायंटला भर कॉलवर, 'सॉरी, आय कान्ट मेक आऊट विथ यू, लाईन इज बॅड' 😂😂 त्याला आवाज कळत नाही एवढंच सांगायचं होतं, तो 'विथ' नडला, तिकडे 'मेक आऊट विथ' म्हणजे चुंबाचुंबी. पलीकडे शांतता. कुकर झाला, बाकीचं नंतर

घाईत_आहे
लाईन खराब होती ते बरंच झालं

चकलीभाजणी
सायलीची आई, ओहायोत कुठे? आम्ही डब्लिनला होतो, कोलंबसजवळ. गाडीचं दार गोठायचं का तुमचंही?

सायलीची_आई
अगं आम्ही पण डब्लिनच!! व्यनि (खाजगी निरोप) करते