जर्मनी: विद्यार्थी परवाना २८ नोव्हेंबरला संपतोय, अपॉइंटमेंट जानेवारीत, मध्ये बहिणीचं लग्न

सांजवेळ, १० नोव्हेंबर

मी जर्मनीत मास्टर्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. माझं निवासपरवान्याचं कार्ड २८ नोव्हेंबरला संपतंय. ऑगस्टपासून आउसलँडरबेहोर्डच्या (परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या सरकारी ऑफिसाच्या) साइटवर वेळ शोधत होते. रोज सकाळी सातला पान उघडायचं, एकही वेळ शिल्लक नाही हे वाचायचं आणि बंद करायचं. दोन महिन्यांनी एक तारीख मिळाली, ती १४ जानेवारीची.

२७ डिसेंबरला बहिणीचं लग्न आहे. तिकीट काढलेलं आहे: २० डिसेंबरला जायचं, ८ जानेवारीला परत, मध्ये आणखी एका युरोपीय देशात विमान बदलायचं. त्यात मी जिथे वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करणारी, म्हणून काम करते तिथल्या एचआरने काल मेल पाठवली, की २९ तारखेपासून चालेल असा कागद दिला नाही तर काम थांबवावं लागेल. घरभाडं मी त्याच पगारातून भरते.

अपॉइंटमेंट मिळाल्याचा ईमेल पुरेसा आहे का? आणि लग्नाला जाता येईल का? घरी अजून काही सांगितलेलं नाही. आई रोज फोनवर साड्यांचे फोटो दाखवते आणि मी हो हो म्हणते.

---

चौथामजला, १० नोव्हेंबर

घाबरू नका. अपॉइंटमेंटचा ईमेल छापून जवळ ठेवा. माझ्या रूममेटचं कार्ड दोन महिने संपलेलं होतं, कोणी विचारलं नाही.

---

पाऊलवाट, १० नोव्हेंबर

चौथामजला, तुमच्या रूममेटचं निभावलं याचा आनंद आहे, पण कृपया हा सल्ला कोणाला देऊ नका. माझं असंच 'निभावेल' म्हणता म्हणता निभावलं नव्हतं.

सांजवेळ, मी तुझ्याहून बराच मोठा आहे म्हणून 'तू' म्हणतो. नीट वाच, तुझ्या हातात अजून अठरा दिवस आहेत आणि तेवढे पुष्कळ आहेत.

अपॉइंटमेंट घेणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. सगळी गोम इथेच आहे. निवास कायद्याच्या कलम ८१ मधलं चौथं पोटकलम म्हणतं, की जुना परवाना संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असंच धरलं जातं. कार्ड कधी हातात येतं, ऑफिसात कधी बोलावतात, याच्याशी त्याचा संबंध नाही. अर्ज कुठल्या तारखेला पोचला, एवढंच बघतात. तुझी १४ जानेवारी म्हणजे टेबलासमोर बसायची तारीख. अर्ज तू अजून केलेलाच नाहीस.

मी हे चुकलो होतो. माझी अपॉइंटमेंट परवाना संपल्यावर सहा आठवड्यांनी होती आणि तारीख मिळाली म्हणून मी निर्धास्त होतो. मधल्या काळात आजोबा गेले. त्यांनी मला सांभाळलं होतं. जर्मनीतून बाहेर पडलो तर आत यायला एकही कागद नाही, हे त्या रात्री कायदा वाचताना कळलं. मी गेलो नाही. पुढे टेबलापलीकडच्या बाईंनी तारखा बघितल्या आणि म्हणाल्या, तुमचा अर्ज आज आलाय, मुदत संपल्यावर. उशिरा आलेल्या अर्जालाही, अन्यथा फार अन्याय होणार असेल तर, परवाना चालू धरण्याची सोय त्याच पोटकलमात आहे. ती त्यांनी मला लावली, म्हणून शिक्षण वाचलं. पण ती त्यांच्या मर्जीवर होती, आणि आजोबांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

म्हणून आज रात्रीच एक पानाचं पत्र लिही. नाव, जन्मतारीख, पत्ता, कार्डाचा क्रमांक, आणि एक सरळ वाक्य: शिक्षणासाठीच्या माझ्या निवासपरवान्याची मुदत वाढवून मिळावी असा अर्ज मी याद्वारे करत आहे. दुसरं वाक्य: कलम ८१ च्या पाचव्या पोटकलमानुसार फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग द्यावं, कारण मला २० डिसेंबरला प्रवास करायचा आहे. (हा निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला असतो.) खाली सही. तुमच्या शहरात ऑनलाइन फॉर्म असेल तर तोही भर, आलेली पोच पीडीएफ करून ठेव. पत्र मात्र उद्या सकाळी पोस्टात जाऊन आइनश्रायबेनने, म्हणजे रजिस्टर पोस्टाने, पाठव. ती पावती जपून ठेव आणि पत्र पोचल्याची नोंद निघाली की तिचाही फोटो काढून ठेव. ईमेल हरवली असं म्हणता येतं, रजिस्टर पत्राबद्दल तसं म्हणणं अवघड असतं.

आता प्रवासाचं. ते फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग हातात आल्याशिवाय देश सोडू नकोस. अर्ज केलेला असल्याने कायद्याने तू इथे राहू शकतेस, पण विमानतळावरच्या माणसाला दाखवायला कागदच लागतो. आणि कागद मिळाला की तिथेच उभं राहून आत बघ. तीन चौकटी असतात. तिसऱ्या चौकटीत, म्हणजे परवाना चालू असल्याचं धरलं जातं त्या ओळीपुढे खूण असली, तरच परत येता येतं. पहिल्या दोन चौकटींवर येता येत नाही. परत येताना संपलेलं जुनं कार्डही सोबत लागतं, त्यामुळे ते कुणी मागितलं तर प्रवासाचं सांग आणि देऊ नकोस.

---

सांजवेळ, ११ नोव्हेंबर

पाऊलवाट, तुमच्या आजोबांबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. सकाळी आठला पोस्टात उभी होते. पत्र गेलं, पावती मिळाली.

एक अडचण आहे. पत्रासोबत फक्त पासपोर्टची प्रत आणि विद्यापीठाचं नोंदणीपत्र जोडलं. ब्लॉक्ड अकाउंटमधले (खर्चाची सोय दाखवायला आधीच भरून ठेवायच्या, महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यातले) पैसे संपलेत, नवीन भरायला घरी सांगावं लागेल आणि या लग्नाच्या खर्चात मला ते सांगायचं नाही. अर्धवट अर्ज परत पाठवतील का?

---

आकाशकंदील, ११ नोव्हेंबर

मी इथल्या एका विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात काम करते, हा प्रश्न आमच्याकडे दर हिवाळ्यात येतो. कागद अपुरे असले तरी अर्जाची तारीख तुमचीच राहते. उरलेले कागद मागवून घेतात, तेव्हा द्या. सगळे कागद जमेपर्यंत अर्ज अडवून ठेवणारी मुलं मी बघितली आहेत आणि तिथेच त्यांची मुदत टळून जाते.

पैशांसाठी नवीन ब्लॉक्ड अकाउंटच लागतं असं नाही. महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४, एवढी सोय दिसली पाहिजे. ती नोकरीचा करार आणि गेल्या काही महिन्यांच्या पगारपत्रकांनी दाखवता येते, शिष्यवृत्तीने येते, किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणी रीतसर हमीपत्र दिलं तरी चालतं. पगार थोडा कमी पडत असेल तर फरकापुरती रक्कम दाखवून बघा. आणि घरी बोलायचं असेल तर लवकर बोला. आईवडिलांना पैशांपेक्षा उशिरा कळल्याचं जास्त लागतं, हे मी माझ्या मुलीमुळे शिकले.

एचआरवर रागावू नका. परदेशी कर्मचाऱ्याच्या परवान्याची प्रत ठेवणं कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. परवाना चालू धरला जातो तेव्हा कामाचा हक्कही पूर्वीसारखाच राहतो, वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. पत्राची प्रत, पोस्टाची पावती आणि कलम ८१ मधल्या चौथ्या पोटकलमाचा मजकूर आजच त्यांना पाठवा. तरी ते अडले तर तुमच्या विद्यापीठातल्या आमच्यासारख्या ऑफिसाकडून त्यांना चार ओळी लिहून घ्या. श्टुडिएरेनडेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेचं सल्ला केंद्र आणि विद्यार्थी परिषदेचा वकीलही असतो. दोन्हीकडे विचारायला संकोच करू नका.

आणि पासपोर्ट कधी संपतोय ते बघा. परवाना सहसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. वर्षभराचाच उरला असेल तर दोन वर्षांऐवजी वर्षाचंच कार्ड हाती पडतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

---

सांजवेळ, ११ नोव्हेंबर

पासपोर्ट २०२९ पर्यंत आहे. आत्ता बाबांना फोन केला. पाच मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, आधी का नाही बोललीस.

---

पाऊलवाट, १२ नोव्हेंबर

बरं केलंस. एक राहिलं होतं. तुझं विमान मध्ये दुसऱ्या देशात बदलतंय ना? नियमाने तिसऱ्या चौकटीचा कागद आणि जुनं कार्ड तिथेही चालायला हवं, पण चेक-इनवरच्या माणसाने तो कागद आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला असू शकतो, आणि रात्री दोनला त्याला जर्मन कायदा समजावायची वेळ तुझ्यावर येऊ नये. जमल्यास परतीचं तिकीट थेट जर्मनीत उतरणारं कर.

---

सांजवेळ, ९ डिसेंबर

सांगायला उशीर झाला, परीक्षा होती.

पत्राला दोन आठवडे काहीच उत्तर नव्हतं. इंटरनॅशनल ऑफिसातल्या बाईंनी माझ्यासाठी ईमेल केली, तीत प्रवासाची तारीख आणि पोस्टाचा नोंद क्रमांक घातला. ३ डिसेंबरला सकाळी साडेनऊला बोलावलं. फिक्त्सिओन्सबेशायनिगुंगचे १३ युरो भरले. कागद हातात आल्यावर खुर्चीतून न उठता आत बघितलं. तिसरी चौकट. मी तिथेच रडले, टेबलापलीकडच्या बाईंनी टिश्यूचा डबा सरकवला. जुनं कार्ड मागितलं नाही, तरी मी विचारून घेतलं की ते माझ्याकडेच राहू दे ना.

एचआरने पत्र आणि पावतीवर काम चालू ठेवलं, आता या कागदाची प्रतही दिली. १४ जानेवारीची अपॉइंटमेंट तशीच आहे, तेव्हा बोटांचे ठसे आणि कार्डाचे ९३ युरो. परतीचं तिकीट बदललं, थेट फ्रँकफुर्टला उतरते. फरकाचे पैसे बहिणीने भरले, ऐकलंच नाही तिने.

पाऊलवाट, तुम्ही त्या रात्री लिहिलं नसतं तर मी १४ जानेवारीचीच वाट बघत बसले असते.