खोटारड्या कार्टूनबद्दल लोकांचा जीव कळवळू शकतो का?

दांडियाबाजारकर (बडोदा)

नमस्कार मंडळी, गणपतीसाठी आमच्या वाड्याच्या मंडळाला ३ मिनिटांचं कार्टून करून देतोय, सगळं हाताने काढलेलं, आणि गोष्टीत अडकलोय. नैवेद्याच्या ताटात २१ मोदक असतात, उंदीर त्यातला एक पळवतो आणि नाव मुंगीवर ढकलतो, सगळे बिचाऱ्या मुंगीला बोलतात, शेवटी उंदीर पिंजऱ्यात सापडतो आणि ढसाढसा रडतो. मला वाटलं होतं इथे सगळ्यांना भरून येईल. रविवारी घरी कच्चं दाखवलं, आजी, आत्या, शेजारच्या बेन आणि वाड्यातली सात-आठ पोरं होती. उंदीर रडायला लागला तशी पोरं टाळ्या वाजवून हसली, आजी म्हणाली बरं झालं मेल्याला, आणि बेन म्हणाल्या बहु लुच्चो छे. रडण्याचा सीन ४० सेकंदांचा आहे, मागे बासरी आहे, डोळ्यातलं पाणी मिशीवरून ओघळून तारेवर थेंब लटकतो इतकं बारीक काम केलंय, त्यातच दोन आठवडे गेले.

भाऊ म्हणतो उंदराला चांगला करून टाक, मोदक घरंगळत त्याच्याकडे आला असं दाखव. पण मग गोष्टच उरत नाही ना! मला खोटारडा उंदीरच हवाय आणि तरी तो लोकांना आपला वाटायला हवाय. हे जमतं का, की कार्टून म्हटलं की लोकांना एक चांगला आणि एक वाईट एवढंच लागतं? सेकंदाला १२ चित्रं धरली तरी ३ मिनिटांची २१६० होतात, तेव्हा सगळं परत काढणं शक्य नाही, थोडक्यात काय बदलता येईल ते सांगा.

शाई_आणि_बोरू

जमतं, नक्की जमतं. टॉय स्टोरी हा खेळण्यांचा कार्टून सिनेमा १९९५ ला आला, पण त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, पिक्सारने डिस्नेला अर्धवट रीळ दाखवलं होतं आणि त्यात वुडी, म्हणजे मुलाचं जुनं लाडकं खेळणं, इतका खडूस होता की बाकी खेळण्यांना घालूनपाडून बोलायचा आणि नवीन आलेल्या बझ या खेळण्याला मुद्दाम खिडकीबाहेर फेकायचा. ते बघून डिस्नेने काम थांबवलं. मग गोष्ट नव्याने लिहिली, पण वुडीचा मत्सर काढून टाकला नाही, तो तसाच आहे. त्याला बझला टेबलामागे पाडायचंच असतं, फक्त भलतंच होऊन बझ खिडकीतून खाली जातो. आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच्या आधीच आपण बघितलेलं असतं की वाढदिवसाला नवीन खेळणं येणार म्हणून सगळी खेळणी कशी धास्तावलीत आणि पलंगावरची वुडीची जागा कशी जाते. त्याचं पोटात दुखणं आपल्याला आधी कळतं, वाईट वागणं नंतर दिसतं.

तुमचा उंदीर रडतो तोपर्यंत लोकांनी मनात निकाल देऊन टाकलेला असतो. सापडल्यावर कोणीही रडेल हो. ते ४० सेकंद १५ वर आणा आणि वाचलेला वेळ चोरीच्या आधी लावा. थेंब ठेवा, छान वाटतोय वाचूनच.

राजवाड्यापाशी (इंदूर)

वरच्यांशी सहमत, पण दादा एक विनंती, आता त्याच्या बिळात भुकेली पिल्लं आणि आजारी आई नका दाखवू. मग तो दोषी राहतच नाही आणि लोकांना दया येते ती पिल्लांची. माझा मुलगा ८ वर्षांचा आहे, त्याला डोरेमॉन कार्टूनमधला नोबिता जीव की प्राण. नोबिता आळशी आहे, रडका आहे, पेपरात शून्य मिळतं ते लपवतो, आणि याचं कारण काहीच नाही, आहेच तो तसा. तरी टाइम मशीनमधून तो वारलेल्या आजीला भेटायला जातो तो भाग लागला की माझा मुलगा उशी तोंडावर घेऊन बसतो. मुलांना फरक कळतो, त्यांना नोबितासारखं व्हायचं नसतं, पण शून्य मिळाल्यावर पोटात कसा गोळा येतो ते त्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे पोरं बिघडतात म्हणून २००८ मध्ये शिनचॅन हे कार्टून बंद केलं होतं, तेव्हाही मला वाटायचं की मोठ्यांनी मुलांशेजारी बसून एकदा बघायला हवं होतं.

तुमच्या उंदराला मोदक हवाय कारण तो मोदक आहे, बस! आरती चालू आहे, सुखकर्ता झाली, मग दुर्गे दुर्घट, मग युगे अठ्ठावीस, संपतच नाही, ताटातून तुपाची वाफ येतेय आणि समोर बसलेल्या पोरांचे डोळे ताटावर. त्याच रांगेत खाली उंदीर पण बसलाय असं दाखवा. वाड्यातलं एक तरी पोर असं आहे का ज्याने हे भोगलं नाही?

रावपुऱ्यातला_काका

सगळे उंदराच्या मागे लागलात, मुंगीचं काय? मोदकाची हाव मी समजू शकतो, पण दुसऱ्यावर आळ घेणं ही वेगळी गोष्ट आहे आणि पोरं हसली ती त्यासाठीच हसली, त्यांचं काही चुकलं नाही. टॉम आणि जेरीच्या पहिल्याच कार्टूनमध्ये, १९४० च्या, घरातली बाई त्या बोक्याला सांगते की आणखी एक वस्तू फुटली की तू घराबाहेर, आणि उंदीर नेमक्या त्याच गोष्टीवर त्याला नाचवतो. आपण बोक्याच्या बाजूने होतो कारण तिथे अन्याय त्याच्यावर होतोय. इथे अन्याय मुंगीवर होतोय, तो झाकलात तर उंदीर कधीच आपला वाटणार नाही.

एक सुचवतो बाळा. विचारणा होते तेव्हा मोदक त्याच्या गालात आहे, गाल टम्म फुगलेत, बोलायला तोंड उघडलं तर चोरी दिसणार. मुंगीला बोलणी बसत असतात, तो तिच्याकडे बघतो, गिळू बघतो, गिळलं जात नाही. त्याने बोट दाखवायलाच नको. गप्प बसला हेच त्याचं खोटं.

दांडियाबाजारकर (बडोदा)

काका, कागदावर नुसत्या पेन्सिलीने काढून बघितलं, गाल फुगलेला उंदीर, मुंगी खाली मान घालून उभी, मागे आरतीचं तबक. काल रात्री आजीला एकेक कागद पुढे सरकवून दाखवला. ती चष्मा लावून बसली होती, गालवाल्या कागदावर थांबली आणि त्या कागदालाच म्हणाली, अरे बोल की मेल्या, सांगून टाक, काही होत नाही. रविवारी पण मेल्या म्हणाली होती, पण हा मेल्या वेगळा होता!

ताई, आरतीची रांग पण घेतोय, पोरांमध्ये उंदीर, सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला. नवीन १५ सेकंद होतात, म्हणजे १८० चित्रं, रात्री बसलो तर होतील. रडणं १५ वर आणलंय, थेंब ठेवलाय. आणि पिंजरा उघडायला मुंगीच येते असं करायचं मनात आहे, पण तिने लगेच माफ करावं का हे अजून ठरत नाहीये, काका तुम्ही सांगा. तिला आवाज हवाय, एकच वाक्य आहे. वाडी किंवा रावपुऱ्यात कोणाची पाच-सहा वर्षांची मुलगी बोलायला तयार असेल तर इथेच कळवा.