गोळी कमी करून झोपेची वही लिहायला सांगितलीय. हा खराच इलाज का?

दापोलीकर:
आई ६३ वर्षांची. बाबा गेल्यापासून दोन वर्षं झोप नाही, रोज रात्री गोळी. गेल्या महिन्यात पहाटे न्हाणीकडे जाताना तोल गेला, मनगटाला प्लास्टर. नव्या डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करायला घेतलीय, रोज सकाळी झोपेची वही लिहायची आणि पुढे समुपदेशन. आई म्हणते, "वही लिहून कुणाला झोप येते का रे?" मलाही तसंच वाटतंय. कुणी केलंय का?

गुहागरची काकू:
मी केलंय, म्हणून सविस्तर लिहिते. वही आणि समुपदेशनाच्या या उपचाराला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलून निद्रानाश घालवायचा. ही टाळाटाळ नव्हे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिकडच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय की प्रौढ माणसांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच, गोळीचा विचार नंतर. आपल्याकडे गरम दूध आणि तळपायाला तेल यावरच गाडी थांबते. तेवढ्यानं जुनं दुखणं हटत नाही.

वहीतून मला कळलं, मी नऊ ते सहा अंथरुणात असायचे आणि झोप जेमतेम साडेपाच तास. बाकी सगळा वेळ गाज ऐकत कूस बदलायची. समुपदेशक ताईंनी अंथरुणाची वेळच कापली: रात्री बारा ते पहाटे साडेपाच. दुपारची डुलकी बंद. उठायची वेळ रोज तीच, अगदी गणपतीतसुद्धा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठायचं, पेंग आली की मगच परत. अंथरुणावर पाठ टेकली की जागं राहायचं, अशी शरीराला लागलेली सवय मोडायची असते.

मी पडवीत मंद दिव्याखाली झावळीचे हीर काढत बसायचे. सुरीनं पात सोलायची, हीर बाजूला ठेवायचा, दुसरी पात घ्यायची. तीन आठवड्यांत दोन खराटे झाले. पहिले दहा दिवस फार जड गेले, तिन्हीसांजेला दिवा लावतानाच डोळे मिटायचे. मग अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के झोप व्हायला लागली, तशी दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवून मिळाली. आता साडेदहाला पडते.

गोळी कमी होताना काही दिवस झोप आणखी बिघडू शकते. तेव्हा घाबरून तिला पूर्ण गोळी देऊ नकोस आणि एकदम बंदही करू नकोस, डॉक्टरांना फोन कर.

वडाप, रत्नागिरी:
काकू, एक भर घालतो. वेळ कापली की दिवसा पेंग येते. माझं काम गाडी चालवायचं, म्हणून डॉक्टरांनी माझी वेळ एकदम कापली नाही, थोडी थोडी कमी केली. फिट येणाऱ्यांनी तर हे मनानं करूच नये. आणि दादा, आई घोरते का, घोरताना श्वास अडकतो का, तेही डॉक्टरांना सांग.

दापोलीकर:
घोरत नाही. पण काकू, वही नीट भरायची म्हणून ती रात्रभर घड्याळ बघत बसते.

गुहागरची काकू:
अरे बाळा, घड्याळ बघायचंच नाही! सकाळी चहा झाल्यावर अंदाजानं लिहायचं, तेवढं पुरतं. माजघरातलं घड्याळ आजच ओटीवर नेऊन लाव. न्हाणीच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेव. बाबांच्या आठवणीनं रात्री जीव कासावीस होत असेल तर समुपदेशनात तेही बोलू दे तिला. आणि प्लास्टर उजव्या हाताला असेल तर ती सांगेल तसं तू लिहून घे.