रेशन कार्डावर तिघी, माझाच हप्ता बंद का?

फॉलपिको:
आमच्या घरातून लाडकी बहीणचे तीन फॉर्म भरले होते. सासूबाई (वय ६२), थोरल्या जाऊबाई आणि मी. २०२४ च्या ऑगस्टात राखीच्या तोंडावर तिघींच्या खात्यात तीन-तीन हजार आले. सासूबाई तेव्हा जन्मात पहिल्यांदा एकट्या बँकेत गेल्या. मी शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली.

आता जून २०२५ पासून माझाच हप्ता बंद, त्या दोघींचा चालू. बँकेत विचारलं, आधार लिंक आहे. सेतूवाला म्हणतो, "एका घरात दोघीच." मग गळाले ती मीच का? घरात चारचाकी नाही, कुणी सरकारी नोकरीत नाही. केशरी कार्ड एकच, त्यावर नऊ जण. महिन्याच्या दीड हजारात माझं अस्तर, दोरा, हुक भागायचं आणि पोराच्या वह्या. यांच्यापुढे हात पसरावा लागत नव्हता.

सेविका_ताई:
ताई, मी अंगणवाडी सेविका, दुसऱ्या तालुक्यातली. नावं आम्ही काढलेली नाहीत, यादी वरून येते. जूनला राज्यात २६ लाख ३४ हजार जणींचे पैसे रोखले. एका कार्डावर दोनपेक्षा जास्त नावं, हे त्यातलं एक कारण. कॉम्प्युटरला कार्ड दिसतं, घर दिसत नाही. शासन निर्णयात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. म्हणजे तुम्ही आणि जाऊबाई एका कुटुंबात मोडतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये घरोघरी पडताळणी सुरू झाली. तुमच्याकडच्या बाई आल्या की लग्नाचा दाखला दाखवा आणि अहवालात हे लिहूनच घ्या, नुसतं सांगून सोडू नका.

फॉर्म भरताना आम्हाला फॉर्ममागे पन्नास रुपये कबूल होते. आता तीच दारं, आणि शिव्या मात्र फुकट.

हिशेबी:
सव्वादोन कोटी बहिणी गुणिले दीड हजार करून बघा. महिन्याला ३,३७५ कोटी होतात. चौदा हजारांवर पुरुषांनीसुद्धा पैसे उचलले होते. चाळण लागणारच.

माणदेशी:
हिशेबीराव, पुरुषांनी उचलले म्हणून हिचे बंद होय? आणि नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाआधी ही चाळण कुठं टांगली होती?
ताई, तुमच्या नावावर जमीन आहे का तेही बघा. माझ्या आईला शेतकरी सन्मानचे, केंद्राचे आणि राज्याचे, दोन्ही मिळून महिन्याला हजार पडतात, म्हणून इथले पाचशेच येतात.

फॉलपिको:
जमीन सासऱ्यांच्या नावावर, माझ्या नावावर फक्त मशीन. सेविकाताई, दाखला काढून ठेवलाय.

सेतूवाला वेगळं कार्ड काढा म्हणाला होता. सासूबाईंपुढे विषय काढला तर म्हणाल्या, "चूल एक असताना कार्ड कसलं वेगळं? गाव म्हणंल धाकटी वेगळी निघाली." जाऊबाई तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. रविवारी मशीनचा ड्रॉवर उघडला तर आत पाचशेची नोट. विचारलं तर म्हणतात, तुमचीच असंल.